मागच्या रांगेतली पुस्तकं आणि जॉर्ज ऑर्वेल

तुमच्या बुकशेल्फचा फोटो टाकायची वेळ आली, की पुढच्या रांगेत तुम्ही कोणती पुस्तकं लावता? खरं सांगा हं. माझ्या होस्टेलच्या कपाटात पुढे 'कोसला' आहे, कामू आहे आणि टॉलस्टॉय आहे (बुकमार्क वर्षभर एकाच पानावर). मागच्या रांगेत आहेत सुहास शिरवळकर, अ‍ॅगाथा ख्रिस्ती आणि फूटपाथवरून घेतलेले जेम्स हॅडली चेस. रात्री जागून मी जे वाचलंय ते बहुतेक मागच्या रांगेतलं. कॅन्टीनमध्ये मात्र बोलते पुढच्या रांगेबद्दल.

म्हणून आज अशा एकाची गोष्ट सांगते, जो स्वतः सगळ्यांच्या पुढच्या रांगेत जाऊन बसलाय, पण आयुष्यभर दोन्ही रांगा वाचत राहिला आणि दोन्हींबद्दल तेवढ्याच गांभीर्याने लिहीत राहिला. जॉर्ज ऑर्वेल. आपल्याला तो दोन पुस्तकांपुरता माहीत असतो. 'अ‍ॅनिमल फार्म'मधली डुकरं आणि '१९८४'मधला बिग ब्रदर. त्या दोन पुस्तकांआधीचा, हाताला लागेल ते वाचणारा आणि वाचलेल्यावर भांडणारा ऑर्वेल मला जास्त आपल्यातला वाटतो.

खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म २५ जून १९०३चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात होते. एरिक वर्षभराचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली, त्यामुळे तो आपल्याकडचा वगैरे म्हणून कॉलर ताठ करण्यात फार अर्थ नाही.

त्याच्या वाचनाची सुरुवात चोरीने झाली असं म्हणायला हरकत नाही. आठव्या वाढदिवसाला त्याला 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' भेट मिळणार होतं. आदल्याच दिवशी पठ्ठ्याने ते हळूच पळवलं आणि चोरून वाचलं. पुढे आयुष्यात त्याने ते निदान सहा वेळा तरी वाचलं. जगातली सगळी पुस्तकं नष्ट होणार असतील आणि सहाच वाचवता येणार असतील, तर त्या सहांत गलिव्हर असेल, असं त्याचं मत होतं. गंमत म्हणजे गलिव्हर लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टची मतं त्याला अजिबात पटत नव्हती. स्विफ्टला माणसांचाच तिटकारा आहे, त्याच्या आदर्श जगात जगणं कंटाळवाणं आणि घुसमटवणारं असेल, असं ऑर्वेलने १९४६मध्ये सविस्तर लिहिलं. त्याच लेखात स्विफ्ट हा आपला अत्यंत आवडता लेखक असल्याचंही लिहिलं. पुस्तक आवडणं आणि पटणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्याने तिथे कबूल केलं. आपण कमेंट बॉक्समध्ये ही दोन खाती रोज एकमेकांत मिसळतो.

नवव्या वर्षाच्या सुमाराला त्याने डिकन्सचं 'डेव्हिड कॉपरफील्ड' वाचलं. सुरुवातीची प्रकरणं त्याला इतकी आपली वाटली, की ती कुणीतरी लहान मुलानेच लिहिली असणार, असा त्याचा समज झाला. मग एच. जी. वेल्सचा नाद लागला. थेम्सकाठच्या शिपलेक गावात जसिंथा बडिकम नावाची मैत्रीण होती, तिच्या घरी वेल्सचं 'अ मॉडर्न युटोपिया' होतं. ते वाचून एरिकने तिला सांगितलं होतं, की आपणही कधीतरी असलं पुस्तक लिहू. तसं लिहिलंही, फक्त ते निघालं '१९८४'! वेल्सच्या स्वप्नातलं जग पार उलटं करून टाकलेलं.

ईटनसारख्या बड्या शाळेत शिकून हा मुलगा कॉलेजला गेलाच नाही. १९२२मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून रुजू झाला. पाच वर्षांनी नोकरी सोडली, कारण साम्राज्याच्या बाजूने काठी चालवणं त्याला सहन होईना. इथे किपलिंग आठवतो. हो, तोच 'जंगल बुक'वाला, मुंबईत जन्मलेला. किपलिंगबद्दलचं आपलं मत वयाप्रमाणे कसं बदललं, याचा ऑर्वेलने हिशेबच मांडलाय. तेराव्या वर्षी भक्ती, सतराव्या वर्षी तिटकारा, विसाव्या वर्षी मजा, पंचविसाव्या वर्षी तुच्छता आणि नंतर पुन्हा थोडं कौतुक. शाळेत असताना तुम्हाला ज्या लेखकाने वेड लावलं होतं, त्याचं नाव आता काढायला लाज वाटत असेल, तर घाई करू नका. अजून दोन-तीन फेऱ्या बाकी आहेत.

पॅरिसमध्ये हॉटेलात भांडी घासून आणि लंडनमध्ये भटक्यांबरोबर राहून त्याने पहिलं पुस्तक लिहिलं. ते १९३३मध्ये आलं आणि तेव्हाच एरिक ब्लेअरचा जॉर्ज ऑर्वेल झाला. नाव झालं, पैसे नाही. म्हणून ऑक्टोबर १९३४मध्ये तो लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या 'बुकलव्हर्स कॉर्नर' या जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्धवेळ कामाला लागला. तुम्हा-आम्हा पुस्तकवेड्यांना ही ड्रीम जॉब वाटेल. दिवसभर पुस्तकांत बसायचं, वर पगार! ऑर्वेलला तिथे भेटली धूळ, मेलेल्या माश्या आणि गोठवणारी थंडी, कारण दुकान गरम ठेवलं की काचेवर वाफ धरते आणि बाहेरच्यांना पुस्तकं दिसत नाहीत. विक्षिप्त गिऱ्हाइकं यायची, दुर्मिळ पुस्तक शोधून ठेवायला सांगायची आणि परत तोंड दाखवायची नाहीत. जोडधंदा म्हणून दुकानात जुने टाइपरायटर, पोस्टाची तिकिटं आणि चक्क राशिभविष्यंसुद्धा विकली जायची.

पण त्या दुकानात एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती आणि ऑर्वेलसाठी ती खाण ठरली. पाच-सहाशे पुस्तकं, सगळ्या कादंबऱ्या. भाडं दोन पेन्स, डिपॉझिट नाही. (पुस्तकचोरांची चंगळ होती. इथून दोन पेन्सला न्यायचं, लेबल काढायचं आणि दुसऱ्या दुकानात शिलिंगला विकायचं.) ऑर्वेलच्या लक्षात आलं, की पुस्तक विकत घेताना माणूस थोडा शो करतो, भाड्याने नेताना करत नाही. लोकांना खरंच काय आवडतं ते लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये दिसतं. आणि तिथे सगळ्यात जास्त मागणी कुणाला होती? हेमिंग्वेला नाही, वुडहाऊसलाही नाही. एथेल एम. डेल नावाच्या बाईंना. नाव ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं. भरपूर उसासे असलेल्या प्रेमकथा लिहायच्या. दोन नंबरला वॉर्विक डीपिंग. डिकन्स, थॅकरे, जेन ऑस्टिन यांना लायब्ररीत ठेवून उपयोग नव्हता, कुणी हातच लावायचं नाही. डिकन्स म्हणजे लोकांनी कायम उद्या वाचायला ठेवलेला लेखक, हे त्याचं निरीक्षण. माझ्या टॉलस्टॉयच्या बुकमार्कला हे बरोबर लागलं.

एका गिऱ्हाइकाची गोष्ट तर भारीच. हा माणूस आठवड्याला चार-पाच डिटेक्टिव्ह कादंबऱ्या न्यायचा, वर्षभर, शिवाय दुसऱ्या लायब्ररीतून आणायचा त्या वेगळ्याच. एकदा वाचलेली पुन्हा कधी नेली नाही. लेखक-शीर्षक काही लक्षात ठेवायचा नाही, नुसतं पुस्तक उघडून डोकावलं की वाचलंय की नाही ते त्याला कळायचं. ऑर्वेल त्याला हसला नाही. एवढं सगळं पोटात घालणाऱ्या माणसाच्या डोक्यात नेमकं काय साठत असेल, याचं त्याला कुतूहल वाटलं. पुढच्या दहा वर्षांत त्याने लोकप्रिय पुस्तकांवर जे लिहिलं त्यामागे मला हेच कुतूहल दिसतं.

एवढं मात्र झालं, की दुकान सोडेपर्यंत पुस्तकांवरचं त्याचं प्रेम बरंच ओसरलं. पुस्तक विकायचं म्हणजे त्याबद्दल खोटं बोलावं लागतं, ही त्याची मुख्य तक्रार होती. हीच तक्रार पुढे समीक्षकांपर्यंत गेली. १९३६मध्ये त्याने लिहिलं, की दर आठवड्याला छापून येणारी प्रत्येक कादंबरी जर महान, थरारक आणि अविस्मरणीय असेल, तर वाचक लवकरच कादंबरी हा प्रकारच टाकून देईल. सगळ्यांना एकाच काट्यावर तोलू नका, साधी करमणुकीची कादंबरी तेवढीच आहे असं सांगा आणि मग ती चांगली की वाईट ते बोला, हा त्याचा उपाय. स्वतः शेकडो पुस्तकांची परीक्षणं पोटासाठी लिहिलेला माणूस सांगत होता हे. मी कबूल करते, पहिल्या वर्षाला असताना एका पुस्तकाचा परिचय मी निम्मं वाचून लिहिला होता आणि त्यात अप्रतिम हा शब्द तीनदा आला होता. उरलेलं निम्मं नंतर वाचलं. अप्रतिम नव्हतं.

मधल्या काळात तो स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला, १९३७मध्ये गळ्यात गोळी लागूनही वाचला. त्यावरचं त्याचं पुस्तक वेगळं वाचाच. आपण परत पुस्तकांकडे येऊ, कारण दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, मार्च १९४०मध्ये, या गृहस्थाने काय छापलं, तर शाळकरी मुलांच्या साप्ताहिकांवर मोठा लेख!

'जेम' आणि 'मॅग्नेट' ही ती साप्ताहिकं. श्रीमंत मुलांची बोर्डिंग स्कूल, खादाड बिली बंटर, खोड्या, क्रिकेट. त्यात भानीपूरचा नवाब हरी जमसेत राम सिंग नावाचा एक भारतीय मुलगाही होता. नावात एकाच वेळी सगळे धर्म आले म्हणजे लेखकाला भारत किती माहीत होता ते कळलंच असेल. ऑर्वेलने या अंकांची चिरफाड केली. तीस वर्षं उलटली तरी गोष्टीतलं जग १९१०मध्येच थांबलंय, संप नाहीत, बेकारी नाही, साम्राज्य आहे तिथे आहे आणि परदेशी माणूस दिसला की तो हास्यास्पद तरी असतो नाहीतर दुष्ट. बारा-चौदाव्या वर्षी वाचलेलं आत जाऊन बसतं, मोठेपणी आपण ते विसरलो असं वाटलं तरी ते काम करत राहतं, असा त्याचा मुद्दा होता. आणि ही साप्ताहिकं कुणाच्या मालकीची आहेत तेही बघा, असं त्याने बजावलं.

लेखात त्याने एक अंदाज ठोकला होता. इतकी वर्षं दर आठवड्याला इतका मजकूर एक माणूस लिहूच शकत नाही, तेव्हा लेखकाचं नाव खोटं असणार आणि मागे लेखकांची टोळी असणार. दोन महिन्यांनी त्याच मासिकात उत्तर आलं, खुद्द 'मॅग्नेट'च्या फ्रँक रिचर्ड्सकडून. टोपणनाव होतं, पण टोळी नव्हती. चार्ल्स हॅमिल्टन हा एकटा गडी ते सगळं लिहीत होता. त्याने ऑर्वेलला झकास झोडपलं आणि मुलांना थोडा काळ निर्धास्त, आनंदात राहू द्यायला तुमची हरकत का, असा सवाल केला. परदेशी लोक हास्यास्पद असतातच, हेही वर ऐकवलं! ऑर्वेलचा अंदाज साफ चुकला होता. पण मला या भांडणात दोघंही थोडे बरोबर वाटतात. तुम्ही लहानपणी वाचलेला फास्टर फेणे किंवा टिंकल आठवून बघा, आणि मग ठरवा कुणाच्या बाजूने आहात.

१९४१ ते १९४३ तो बीबीसीत भारतासाठीचे कार्यक्रम करत होता. हा भाग आपल्यासाठी खास आहे. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रं भाषांतरित होऊन मराठीतही प्रसारित व्हायची. त्याच्या सहकाऱ्यांमध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे होत्या. टी. एस. एलियटबरोबर बसलेल्या वेणू चितळे, मुल्कराज आनंद आणि मागे उभा उंचच उंच ऑर्वेल, असा स्टुडिओतला एक फोटो प्रसिद्ध आहे. पुढे चितळेंनी इंग्रजीत 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी लिहिली. आपण मासकॉमला रेडिओचा इतिहास शिकतो, त्यात हे नाव का नसतं कोण जाणे. रेडिओवर ऑर्वेलने स्विफ्टची काल्पनिक मुलाखतही सादर केली, म्हणजे गलिव्हर इथेही सुटला नाही.

आता चेसकडे येते, कारण हा माझ्या मागच्या रांगेतला माणूस. जेम्स हॅडली चेसची 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' १९३९मध्ये आली आणि लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक ती हातोहात वाचत होते. १९४४मध्ये ऑर्वेलने तिची तुलना केली जुन्या रॅफल्सशी. रॅफल्स म्हणजे कॉनन डॉईलच्या मेहुण्याने, हॉर्नंगने रंगवलेला सभ्य दरोडेखोर. रॅफल्स चोर आहे, पण क्रिकेट खेळतो, आणि काही गोष्टी करायच्या नसतात हे त्याला माहीत आहे. चेसच्या पानांवर असं न करण्यासारखं काही उरलेलंच नाही. पोलीस आणि गुंड दोघंही सारखेच मारतात, आणि जो ताकदवान तो बरोबर. गंमत बघा, ऑर्वेलने चेसला वाईट लेखक म्हटलं नाही. उलट लिहिलंय सफाईने, एकही शब्द फुकट नाही, असंच म्हटलं. त्याची भीती दुसरी होती. ज्या काळात हिटलर-स्टॅलिन ताकदीची पूजा करायला लावत होते, त्याच काळात आपण तीच पूजा करमणूक म्हणून, स्वतःच्या पैशांनी विकत घेतोय.

हे वाचल्यावर मी चेस फेकून दिला का? नाही. पण परवा एक वेब सीरिज बघताना हिरोने बांधलेल्या माणसाला मारायला सुरुवात केली आणि मी टाळी वाजवायच्या बेतात होते, तेव्हा हा लेख आठवला. टाळी अर्धीच वाजली.

चेसवर इतका कडक झालेला हाच माणूस वुडहाऊसच्या बाजूने मात्र ठाम उभा राहिला. पुलंचा लाडका वुडहाऊस १९४०मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडला. पुढच्या वर्षी त्याने बर्लिनच्या रेडिओवरून पाच हलकीफुलकी भाषणं केली. इंग्लंडमध्ये आग उसळली. त्याला देशद्रोही ठरवलं गेलं, काही लायब्रऱ्यांनी त्याची पुस्तकं काढून टाकली. म्हणजे कॅन्सल कल्चर तेव्हाही होतंच. १९४५मध्ये ऑर्वेलने त्याचा बचाव केला तो त्याच्या कादंबऱ्या हाताशी धरून. तो १९११पासून वुडहाऊस वाचत होता. जीव्ह्ज आणि बर्टीचं जग पहिल्या महायुद्धाच्या आधीच गोठलंय, फॅसिझम म्हणजे काय हे असलं जग लिहिणाऱ्याला कळलेलंच नाही, तेव्हा तो फार तर मूर्ख ठरतो, गद्दार नाही, असा युक्तिवाद. मुलांच्या साप्ताहिकांचं जग गोठलेलं म्हणून ज्याने झोडपलं, तोच इथे गोठलेलं जग वकिलासारखं वापरतो! विसंगती आहे ना? मला ती आवडते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने चांगल्या वाईट पुस्तकांवर एक छोटा लेख लिहिला. ही कल्पना मुळात चेस्टरटनची. साहित्य असल्याचा आव नसलेली, पण भारदस्त पुस्तकं विस्मृतीत गेल्यावरही वाचली जाणारी पुस्तकं. शेरलॉक होम्स, ड्रॅक्युला, 'किंग सॉलोमन्स माइन्स' त्याच्या यादीत आहेत. 'अंकल टॉम्स केबिन' व्हर्जिनिया वूल्फच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त टिकेल, अशी पैजही त्याने लावली. वूल्फबाबत तो चुकला, आज त्या जगभर अभ्यासाला आहेत. पण होम्स आणि ड्रॅक्युलाचं काय झालं ते तुमच्या ओटीटीवर बघा. आणि एथेल एम. डेल? दोन पेन्सच्या लायब्ररीची ती राणी आज कुठेच नाही. कोणतं लोकप्रिय पुस्तक टिकणार आणि कोणतं नाही, याचं सूत्र त्यालाही सापडलं नाही.

१९४६मध्ये त्याने वाचनाचा चक्क खर्च काढला. कामगार म्हणतात, पुस्तकं परवडत नाहीत. म्हणून याने घरातली पुस्तकं मोजली. सुमारे ९००. सगळ्यांची मिळून किंमत १६५ पौंड १५ शिलिंग, तीही पंधरा वर्षांतली. वर्तमानपत्रं, मासिकं, लायब्ररी सगळं धरून वाचनाचा खर्च वर्षाला २५ पौंडांच्या आसपास. तंबाखूचा एकट्याचा जवळजवळ ४०. मी हा हिशेब माझ्या यूपीआयवर करून पाहिला. तंबाखूच्या जागी कॅफेतली कोल्ड कॉफी टाका. आकडा छापत नाही, आई हा पेपर वाचते.

त्या तंबाखूचं हसू फार वेळ टिकत नाही, कारण त्याची फुप्फुसं आधीपासूनच खराब होती. १९४५च्या मार्चमध्ये बायको आयलीन शस्त्रक्रियेच्या वेळी गेली, दत्तक घेतलेला रिचर्ड तेव्हा वर्षाचाही नव्हता. ऑगस्टमध्ये 'अ‍ॅनिमल फार्म' आलं आणि पहिल्यांदाच पैसे मिळू लागले. मग स्कॉटलंडच्या जुरा बेटावर, वस्तीपासून लांबच्या घरात त्याने क्षयाशी झगडत '१९८४' लिहून काढलं. त्यामागेही वाचन होतंच. झाम्यातिन या रशियन लेखकाची 'वी' ही कादंबरी त्याने मिळवून फ्रेंच भाषांतरात वाचली होती, आणि १९४६च्या जानेवारीत तिच्यावर लिहिलंही होतं. कुणाकडून काय घेतलं ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

'१९८४' प्रकाशित झालं ८ जून १९४९ला. तेव्हा तो सॅनेटोरियममध्ये होता. त्या वर्षी कोणती पुस्तकं वाचली, याची यादी तो महिन्यावार एका वहीत लिहीत होता. ईव्हलिन वॉ या कादंबरीकारावर एक लेखही सुरू केला होता. वॉ कट्टर कॅथलिक, पक्का परंपरावादी, म्हणजे राजकारणात ऑर्वेलचं दुसरं टोक. आणि तरीही वॉ इतका चांगला का लिहितो, हे त्याला नीट मांडायचं होतं. २१ जानेवारी १९५०च्या पहाटे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये तो गेला. वय ४६. वॉवरचा लेख अर्धाच राहिला.